म्हातारपणाचे ताट

दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसतो. फार मोठे समाजकार्य करतो अशातला भाग नाही. पेशाने आम्ही कारकून, शिक्षण बी.कॉम., आयुष्यभर अर्ज, रकाने आणि बेरजा यांपलीकडे काही जमले नाही; तेव्हा जे जमते तेच समाजासाठी करावे, एवढाच त्यामागचा हेतू. कोणाचा हयातीचा दाखला, कोणाच्या बँकखात्याला आधार जोडायचा, कोणाच्या रेशनकार्डातून सून वेगळी झाली तिचे नाव कमी करायचे. चंद्रपूर हे खाणींचे आणि गिरण्यांचे गाव. म्हणून आमच्या टेबलापाशी येणारे निम्मे लोक पेन्शनर असतात.

पेन्शनर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे इस्त्रीचा सदरा घालून सकाळी फिरायला निघालेला गृहस्थ येत असेल. आमच्याकडे येणारे पेन्शनर तसे नाहीत. त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी मोकळी झालेली असते, म्हणजे सदरा जुनाच असतो, मान बारीक झालेली असते. हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली. कागद पाहणाऱ्याचे लक्ष कागदावर असते.

अशांपैकी एक काकाजी. नाव लिहीत नाही, वस्तीत सगळे त्यांना काकाजीच म्हणतात. एका गिरणीत बारा वर्षे ठेकेदाराच्या हाताखाली राबले, त्या बारा वर्षांचा कुठल्याच कागदावर पत्ता नाही. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांचे नाव हजेरीपटावर चढले आणि जुलै २०१४ मध्ये अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली म्हणून ते निवृत्त झाले. कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून. तिचा हिशेब सरळ आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले सत्तर. त्या वेळी पगाराची कमाल मर्यादा साडेसहा हजार. हातात पगार जास्त पडत असला तरी पेन्शनसाठी धरायचे साडेसहा हजारच. अठरा वर्षे आणि वर सात महिने, म्हणजे नियमाने एकोणीस वर्षे धरली. ६५०० गुणिले १९ भागिले ७०. उत्तर येते १७६४ रुपये.

हे सतराशे चौसष्ट रुपये २०१४ साली सुरू झाले आणि त्यानंतर त्यांत एक रुपयाही वाढला नाही. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान पेन्शन एक हजार केली, पण काकाजींना आधीच हजाराच्या वर मिळत होते, त्यामुळे त्यांना त्याचा फायदा शून्य. काकाजी निवृत्त झाले तेव्हा तूरडाळ आम्ही सत्तर-पंचाहत्तर रुपये किलोने नेत होतो. २०२३-२४ मध्ये तीच दीडशेच्या वर गेली. कोळसा खाणीतल्या आमच्या जुन्या बांधवांची अवस्था वेगळी नाही. त्यांची पेन्शन योजना १९९८ ची, पण तिथेही निवृत्तीच्या वेळचा पगार धरायचा आणि पुढे महागाई भत्ता नाही. त्यामुळे सुरुवातीला जे निवृत्त झाले त्यांची पेन्शन आज सांगायलाही लाज वाटावी एवढी आहे. बुलढाण्यात पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण मांडले ते काही हौसेने नाही. साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी.

काकाजींची गोष्ट पुढे आहे. २०२१ मध्ये त्यांना पासष्ट पूर्ण झाली. आम्हीच सुचवले की श्रावणबाळ योजनेचा अर्ज करून बघू. त्या वेळी महिन्याला हजार रुपये मिळत (जुलै २०२३ पासून पंधराशे झाले). अट अशी की वर्षाचे उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे. आम्ही तिथेच टेबलावर बेरीज केली. १७६४ गुणिले १२. एकवीस हजार एकशे अडुसष्ट.

एकशे अडुसष्ट रुपये जास्त! महिन्याला चौदा रुपये. आम्ही तीनदा गुणाकार केला. काकाजी म्हणाले, "भाऊ, आकडा काही लाजून कमी होनार नाही." आणि हसले. त्यांना वरचे चार दात नाहीत, ते आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

त्याच दिवशी आम्ही विचारले, सकाळपासून काय खाल्ले? म्हणाले, चहा. आणि काल रात्री? पेज आणि तिखट. दात नसल्यामुळे भाकर चावत नाही, डाळ रोज परवडत नाही, मुलगा चाकणला कंपनीत ठेक्यावर, त्याचेच तिथे भागत नाही. रेशनचे दोघांचे दहा किलो धान्य. त्यांच्या काकी शेवटी जेवतात, म्हणजे उरलेली पेज पितात. मध्ये मध्ये भूक लागली की काकाजी खर्रा तोंडात टाकतात. खर्ऱ्याने भूक मरते हे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत लहान मुलालाही माहीत आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम चालला, गावोगावी सभा झाल्या, चांगलेच काम झाले. पण म्हाताऱ्या माणसाने खर्रा सोडायचा असेल तर त्या जागी तोंडात टाकायला काही तरी हवे, हेही तितकेच खरे.

विहारातल्या मुलांना आम्ही हे सांगितले. मुले उत्साही. दुसऱ्या दिवसापासून चार घरांतून आळीपाळीने काकाजींकडे डबा न्यायचे ठरले. पहिला डबा गेला तसा परत आला. दुसराही. आम्ही स्वतः गेलो तेव्हा काकाजींनी खाटेवर बसायला जागा दिली, पाणी दिले आणि म्हणाले :

"१६ ऑक्टोबर ५६ ले बाबासाहेब आपल्या चंद्रपुरात आले, तवा मी मायच्या कडेवर तीन महिन्यांचा होतो. घरी आल्यावर मायनं काय केलं मालूम आहे? भाकर मागाची टोपली चुलीत घातली. आज मी कोनाच्या घरची भाकर घेऊ, सांगा जी!"

यावर आम्ही काय बोलणार? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे-शिळे खाऊ नका, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले होते. आमच्या वाडवडिलांनी ते पाळले. उपाशी राहून पाळले. त्या ताठ कण्यावर आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो. आता त्याच ताठ कण्याचा माणूस सत्तरीला पेज पिऊन झोपतो आणि आमचा डबा परत करतो. चूक त्याची नव्हती. आम्ही डबा नेला तो दया म्हणून नेला, हे त्याला डब्याच्या झाकणावरूनच समजले असावे.

हे सगळे चालू असतानाच गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचीच गोष्ट उघडी पडली. ती सांगताना हात जड होतो, पण दुसऱ्यांच्या घरची सांगितली तेव्हा स्वतःची लपवणे बरे नव्हे.

आमची माय सिंदेवाही तालुक्यात गावी एकटी राहते. वय सत्तरीच्या पुढे. वडील गेले त्याला नऊ वर्षे झाली. चंद्रपूरला ये म्हटले तर येत नाही, तिला चाळीच्या दोन खोल्यांत कोंडल्यासारखे होते. तिला श्रावणबाळचे पंधराशे मिळतात, रेशनचे पाच किलो तांदूळ फुकट मिळतात, आम्ही अधूनमधून डाळ-तेल नेऊन देतो, आणि रोज रात्री फोन करून विचारतो, "माय, जेवली काय?" ती म्हणते, "जेवली बाबू, वरन-भात." आम्ही समाधानाने झोपतो. मुलगा म्हणून आमचे कर्तव्य झाले!

ऑगस्टमध्ये शेजारच्या मुलाचा फोन आला की आजी अंगणात चक्कर येऊन पडल्या. आम्ही रात्रीच निघालो. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन सातच्या आसपास. वजन अडतीस किलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, "आजींना घरी जेवायला कोण देतं?" आम्ही म्हणालो, त्या स्वतः करून खातात. डॉक्टर म्हणाले, "करून खातात असं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या घरी जाऊन फळीवरचे डबे उघडले. एकात मीठ. एकात तिखट. एकात चहापत्ती आणि साखरेची पुडी. तांदळाच्या डब्यात अर्धा तांदूळ. आणि शेवटच्या डब्यात भीमजयंतीला आम्ही नेऊन दिलेली दोन किलो तूरडाळ, जशीच्या तशी, वरून किडे लागलेली. एप्रिल ते ऑगस्ट! तिने त्यातली एक मूठही शिजवली नव्हती. आम्ही विचारले तर दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली, "तुमी येता पोरं घेऊन, तवा लागते ना."

म्हणजे फोनवरचे वरण आमच्यासाठी राखलेल्या डाळीचे होते.

कारकुनाची सवय वाईट. आम्ही तिला पंधराशे रुपयांचा हिशेब विचारला. तिनेही तोंडपाठ दिला. दोनशे बचत गटाचा हप्ता. दीडशे विजेचे. तीनशे गोळ्या आणि पैसे उचलायला तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे. पाचशे पोस्टात. राहिले साडेतीनशे, त्यात तेल, मीठ, साबण, चहा. आम्ही म्हणालो, पोस्टात पाचशे कशाला? तिने तोंड भिंतीकडे केले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझ्या मातीचे. तुले कर्ज नको पडाले."

आमची माय स्वतःच्या अंत्यविधीसाठी पोटाला चिमटा घेत होती, आणि आम्ही रविवारी विहारात बसून दुसऱ्यांच्या पेन्शनचे गुणाकार करत होतो.

चंद्रपूरला आणल्यावर पंधरा दिवस ती आमच्याकडे होती. त्या पंधरा दिवसांत आम्ही तिला खूप विचारले आणि बरेच शिकलो. गॅसची जोडणी आहे, पण सिलिंडर भरायला पैसे नाहीत, म्हणून चूल. चुलीला लाकडे जंगलातून. जंगलात आता वाघ. वाचकांना ठाऊक असेल, २०२५ च्या मे महिन्यात आमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर गावातल्या म्हाताऱ्या जंगलाच्या कडेलाही जात नाहीत. लाकूड वाचवायचे म्हणून चूल एकदाच पेटते, सकाळी शिजवलेल्या भाताला रात्री पाणी घालून पेज. पूर्वी पावसाळ्यात तरोट्याची भाजी, कुड्याची फुले, वास्ते, सात्या असे काही ना काही रानातून फुकट यायचे. तलावातले बारके मासे मिळायचे. आता ते ताटातून गेले. वाघाच्या नावाने नुकसानभरपाईचे कागद आम्ही भरले आहेत, त्यात माणूस, गाय, बैल, बकरी असे रकाने असतात. गेलेल्या भाजीचा रकाना नसतो.

आता थोडा हिशेब वाचकांपुढे मांडतो, कारण पाच किलो फुकट तांदूळ मिळतो म्हणजे म्हाताऱ्यांचे भागले असा समज आमचाही होता. १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे हे धान्य मोफत देण्याचे केंद्र सरकारने ठरवले, ती चांगली गोष्ट आहे आणि आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण पाच किलो भागिले तीस दिवस म्हणजे रोजचे एकशे सहासष्ट ग्रॅम. त्यातून उष्मांक मिळतात पावणेसहाशेच्या आसपास आणि प्रथिने बारा ग्रॅम. पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईला दिवसाला पस्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने हवीत. वय वाढले की गरज कमी होते असे आपल्याकडे म्हणतात, "म्हाताऱ्याला काय लागते, दोन घास!" ते चूक आहे. काम कमी झाल्यामुळे उष्मांक थोडे कमी लागतात. प्रथिने मात्र कमी लागत नाहीत, उलट म्हातारपणी स्नायू झिजतात म्हणून ती जास्त जपावी लागतात. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, खुबा मोडतो, आणि आपण म्हणतो, वय झाले होते.

तो तांदूळसुद्धा सुखासुखी हातात येत नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. आयुष्यभर धानाची रोवणी केलेल्या, बिडीपत्ता तोडलेल्या, खाणीत टोपले उचललेल्या हाताच्या रेषा राहतात का? माय चार-चार वेळा अंगठा पुसून ठेवते. काही महिन्यांत 'उद्या या' ऐकून परत आली आहे. अशा वेळी दुसरे बोट, घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा किंवा मोबाइलवर येणारा आकडा असे उपाय असतात, ते दुकानदाराला ठामपणे विचारावेत. आणि आणखी एक. हल्ली रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेले दाणे असतात. राज्यात त्याचा पहिला प्रयोग आमच्या गडचिरोली जिल्ह्यातच झाला. ते दाणे रंगाने थोडे वेगळे दिसतात, पाण्यात वर येतात, आणि आमच्या बायका ते प्लास्टिक म्हणून निवडून कोंबड्यांना टाकतात. ते प्लास्टिक नाही, तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. रक्त कमी असलेल्या म्हातारीच्या ताटातले लोह कोंबड्या खातात! घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

स्वस्तात काय खावे, यावर आमच्या घरी मोठी चर्चा झाली. माय म्हणाली, आमच्या लहानपणी लाखोळी होती. धान कापायच्या आधी त्याच बांधीत लाखोळी फेकून द्यायची, मशागत नाही, खत नाही, पीक येते. झाडीपट्टीतल्या गरिबांची डाळ ती. प्रथिने भरपूर, चार पैसे कमी. पण लाखोळीने पाय जातात हेही सगळ्यांना ठाऊक. १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. आम्ही या वादात कोणाच्या बाजूने बोलण्याएवढे शिकलेलो नाही. जे पक्के आहे तेवढे सांगतो : दुष्काळासारख्या वेळी दुसरे काही न मिळाल्याने दोन-तीन महिने सलग लाखोळीवरच दिवस काढणाऱ्यांचे पाय लुळे पडले आहेत आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर विष बरेच कमी होते, पण पूर्ण जात नाही. म्हणून ज्या म्हाताऱ्याच्या ताटात भाताशिवाय दुसरे काहीच नाही, त्यालाच ती सगळ्यांत धोक्याची. नेमकी त्यालाच ती परवडते.

मग आमच्या पत्नीने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. विहाराच्या मागे मुंगण्याचे झाड आहे, शेवगा म्हणतात तो. शेंगा लोक नेतात, पाला कोणी पाहत नाही. तो पाला बारीक चिरून डाळीत शिजवायचा, दात नसले तरी गिळता येतो. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट पेजेत घालायचे. जवसाची चटणी. अंडे सात रुपयाला मिळते, त्यात सहा ग्रॅम प्रथिने. खर्रा त्याहून महाग पडतो. जेवणाबरोबर आणि जेवण झाल्याबरोबर चहा प्यायचा नाही, कारण चहाने जेवणातले लोह अंगाला लागत नाही. मायने सगळे ऐकले, फक्त चहाचे ऐकले नाही.

एवढे कळूनही काकाजींचा डबा परत येतच होता. तेव्हा मायच म्हणाली, "डबा कायले नेता? त्याले कामाले बोलवा." आम्ही रविवारी काकाजींना निरोप पाठवला की विहारात महिन्याच्या चारही रविवारी म्हाताऱ्यांची पंगत करायची आहे, प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणि दहा रुपये आणायचे, बाकीचे वर्गणीतून, पण कोठीचा हिशेब ठेवायला भरवशाचा माणूस नाही. काकाजींनी लगेच होकार दिला नाही. आधी येऊन वही पाहिली. वर्गणीच्या पावत्या पाहिल्या. मग म्हणाले, "सगळ्याइले सारखं वाढान तं येतो. आनि मी पैसे देऊनच जेवन."

पहिल्या रविवारी अकरा जण आले. आता वीस-बावीस असतात. डाळीत मुंगण्याचा पाला, भात, एक अंडे, जवसाची चटणी. काकाजी तेलाच्या बाबतीत इतके कडक आहेत की स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे आणि त्यांचे दर रविवारी भांडण होते. ताटाला तीस रुपयांच्या आत खर्च बसतो. काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा वाढायला उभ्या राहिल्या. आमच्या पत्नीने हाताला धरून पंगतीत बसवले, तर त्यांना घास जाईना. नवऱ्याच्या बरोबरीने बसून जेवायची सवयच नाही. आमच्या भगिनींना आम्हांला विचारायचे आहे : आपल्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवते, आणि तिच्या वाट्याला डाळीतले नुसते पाणी तर येत नाही ना?

या पंगतीचे फार कौतुक करून घेण्यासारखे काही नाही. आठवड्याच्या चौदा जेवणांतले हे एक जेवण. बाकीच्या तेरांचे काय? अंगणवाडीत लेकरांना मिळते, शाळेत मुलांना मिळते, आदिवासी भागातल्या गरोदर बायांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे चौरस जेवण मिळते. हे सगळे मिळालेच पाहिजे. पण सत्तरीच्या माणसाला गावात शिजवलेले ताट मिळेल अशी सोय आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आम्हांला तरी दिसली नाही. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. तामिळनाडूत १९८२ साली मुलांसाठी दुपारच्या जेवणाची मोठी योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी वृद्ध पेन्शनरांनाही त्या जेवणात घेतले. जिथे चूल पेटतेच आहे तिथे दहा ताटे जास्त वाढायची.

काकाजींच्या एकशे अडुसष्ट रुपयांचे आम्ही निवेदन दिले आहे. पेन्शन ही भीक नाही. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या सव्वाआठ टक्क्यांच्या वर रक्कम दर महिन्याला त्या खात्यात जात होती; तो राबलेल्या दिवसांचा राखून ठेवलेला पगार आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा १९४४ चा वटहुकूम त्याच काळातला. तेव्हापासून कामगाराचा जो हक्क म्हणून मांडला गेला, त्याच हक्काचे सतराशे चौसष्ट रुपये दाखवून त्या माणसाला दुसऱ्या दारातून परत पाठवायचे, हा हिशेब आमच्या बी.कॉम.च्या कुठल्या पुस्तकात बसत नाही. निवेदनाला अजून उत्तर नाही. उत्पन्नाच्या दाखल्यात अशी थोडक्यात हुकलेली प्रकरणे वाचकांच्या ओळखीत असतील तर त्यांनी कागद घेऊन रविवारी यावे. वेगवेगळी दहा निवेदने देण्यापेक्षा एक गठ्ठा दिलेला बरा. आणि ज्यांची कर्मचारी पेन्शन आहे त्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहू नये. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. दोन महिने पेन्शन अडकली की पहिल्यांदा डाळ बंद होते, हे आम्ही पाहिले आहे.

माय गावी परतली. जाताना पोस्टाचे पुस्तक मागितले, आम्ही दिले. पोस्टात आता ती दोनशेच टाकते, तीनशे खाण्याला. हा तह व्हायला चार दिवस लागले. शेजारच्या घरी महिन्याचे पैसे देऊन रोज एक अंडे ठरवले आहे. दोन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्या वर आले होते.

रात्रीचा फोन चालूच आहे. पण आता आम्ही "जेवली काय" असे विचारत नाही. विचारतो, "डब्यात डाळ किती उरली?"

परवा ती म्हणाली, "तळाले लागली. येशीन तं घेऊन ये, आनि पोरायले सांग, या खेपेले तुमच्यासाठी काही ठेवली नाही."